टर्बोचार्जित द्वि-इंधन इंजिन : एक चिकित्सा

प्रस्तावना

एकाच इंजिनात संपीडित नैसर्गिक वायू (सी.एन.जी.) आणि पेट्रोल ही दोन्ही इंधने वापरण्याची पद्धत भारतीय वाहनचालकांना नवी नाही. अशा इंजिनाला टर्बोचार्जरची जोड असलेली पहिली भारतीय मोटार म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली टाटा नेक्सॉन आय-सी.एन.जी. 'गॅसवर गाडीची ताकद कमी होते' ही जुनी तक्रार टर्बोचार्जरमुळे मिटली, असा समज यातून होणे स्वाभाविक आहे. या समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

ताकद घटण्याचे कारण इंधनाच्या स्वरूपात आहे. पूर्ण ज्वलनासाठी लागणाऱ्या मिश्रणात मिथेन आकारमानाने सुमारे साडेनऊ टक्के जागा व्यापतो. पेट्रोलची वाफ दोन टक्क्यांच्या आसपासच असते. सेवननलिकेत गॅस सोडला की तो हवेची जागा घेतो. शिवाय पेट्रोलचे बाष्पीभवन होताना हवा थंड व दाट होते. गॅसमुळे हा लाभ मिळत नाही. टर्बोचार्जर हवा अधिक दाबाने भरून ही तूट काढू शकतो.

मात्र ही भरपाई अंशतःच होते. नेक्सॉनचे १.२ लिटरचे इंजिन पेट्रोलवर १२० आणि गॅसवर १०० अश्वशक्ती देते. कमाल आघूर्ण दोन्ही इंधनांवर १७० न्यूटन-मीटर असले, तरी पेट्रोलवर ते मिनिटाला १७५० ते ४००० फेऱ्यांपर्यंत टिकते, तर गॅसवर २००० ते ३००० फेऱ्यांपुरतेच. म्हणजेच शहरातील मध्यम वेगात तूट जाणवणार नाही. घाटात किंवा महामार्गावर ओलांडून जाताना ती जाणवेल. केवळ कमाल आकडा पाहणाऱ्या ग्राहकाच्या हा भेद लक्षात येत नाही.

अधिक मूलभूत आक्षेप वेगळा आहे. मिथेनचा ऑक्टेन अंक १२० च्या आसपास असल्याने तो अकाली पेट घेत नाही. त्यामुळे अधिक संपीडन गुणोत्तर व टर्बोचा अधिक दाब तो सहज सोसतो. पेट्रोल तो सोसत नाही. इंजिनाला दोन्ही इंधनांवर पूर्ण भार पेलायचा असल्याने संपीडनाची मर्यादा दुबळे इंधन, म्हणजे पेट्रोल, ठरवते. प्रज्वलनाची वेळ संगणकीय नियंत्रकाला इंधनानुसार बदलता येते. सिलिंडरची रचना बदलता येत नाही. परिणामी टर्बोचार्जर आणि मिथेन यांच्या संयोगातून मिळू शकणारी कार्यक्षमता बऱ्याच अंशी अप्रयुक्त राहते.

युरोपातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. फोक्सवॅगन गोल्फ टी.जी.आय.च्या २०१३ च्या आवृत्तीत पेट्रोलची टाकी ५० लिटरची होती. २०१९ च्या आवृत्तीत ती अवघी ९ लिटरची झाली आणि गॅसचा साठा वाढला. तेथील नियमांनुसार केवळ आणीबाणीसाठी किंवा इंजिन सुरू करण्यासाठी १५ लिटरपर्यंतची पेट्रोल टाकी असलेले वाहन एक-इंधनी गॅस वाहन गणले जाते. पेट्रोल राहिले, पण त्याचे स्थान दुय्यम झाले.

भारतात हेच अनुकरण करावे, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. गॅस पंपावरील रांगा आणि मोठ्या शहरांबाहेर पंपांची विरळता पाहता पेट्रोलची पुरेशी टाकी ही येथे गरज आहे. तसेच समान ऊर्जेसाठी मिथेनपासून कार्बन डायऑक्साइड पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी निघतो, हा लाभ तडजोडीच्या इंजिनातही मिळतो. परंतु न जळता निसटणारा मिथेन उत्प्रेरकात सहजी नष्ट होत नाही व तो स्वतः प्रभावी हरितगृह वायू आहे, हेही हिशेबात धरले पाहिजे.

समारोप

टर्बोचार्जरने द्वि-इंधन इंजिनाची उणीव कमी केली आहे, दूर केलेली नाही. आजचे असे इंजिन हे गॅस स्वीकारणारे पेट्रोल इंजिन आहे. पेट्रोल बाळगणारे गॅस इंजिन नव्हे. त्याचे मूल्यमापन करताना, आणि अभियांत्रिकीच्या वर्गात ते शिकवताना, कमाल शक्तीच्या आकड्याआधी 'हे इंजिन मुळात कोणत्या इंधनासाठी घडवले आहे?' हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.