गोधडी : कथन की अवशेष?

गोधडीला ‘कापडावरची कथा’ म्हणणे सोपे आहे. म्हणूनच ते तपासून घ्यावयास हवे. जळगाव-धुळ्याकडील घरगुती गोधडीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र बांधलेले असतात. त्यातील लुगड्याचा तुकडा आजीचे चित्रण करीत नाही. तो तिच्या अंगावरचाच असतो. म्हणजे हे चिन्ह प्रतिमेचे नव्हे, अवशेषाचे. कोणता तुकडा कोणाचा, हे मात्र कापड सांगत नाही, घरातली बाई सांगते. कथन गोधडीत नसून गोधडीभोवती असते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. गोधडीच्या तोंडी भाष्याला असा लेखनिक क्वचितच लाभतो. अलाबामातील जीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, तेव्हा त्यांची तुलना अमूर्त चित्रकलेशी झाली. ही तुलना अंथरुणाची ऊब विसरणारीच. पण तेथे शिवणाऱ्या स्त्रियांची नावे तरी सोबत होती. ‘लोककला’ या निनावी सदरात गोधडी टाकली, की कर्तृत्वाचा प्रश्नच मिटतो. शिवाय भिंतीवर दिसतो तो केवळ वरचा थर. सर्वांत जीर्ण कापड आत घातलेले असते.