चेहरा राखला, वस्ती राहिली का? : गावठाणाच्या नियमांचं एक वाचन

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे: बांधकामाचे नियम. पण नियम हाही एक मजकूर असतो. कादंबरीचं परीक्षण करताना आपण विचारतो, लेखकाला काय सांगायचं होतं आणि प्रत्यक्षात काय सांगितलं गेलं. नियमालाही हेच विचारता येतं. जुन्या वस्त्यांचं 'ऐतिहासिक स्वरूप' जपू म्हणणारे नियम नेमकं काय जपतात? आणि कोणासाठी?

उदाहरण मुंबईचंच घेऊ. गिरगावातली खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचं रणवार. शहर वाढत गेलं आणि ही गावं त्याच्या पोटात राहिली. उतरती कौलारू छपरं, बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे ओटला, गल्लीच्या वळणावर क्रूस. यांतल्या बऱ्याच घरांतून ईस्ट इंडियन कुटुंबं राहत आली. हे नाव समाजाने १८८७ साली घेतलं, पण माणसं इथली, बोली मराठीची. ही वस्ती कोणी आराखडा काढून बसवली नाही. मुलाचं लग्न झालं, मागे एक खोली वाढली. भाऊ वेगळे झाले, मधे भिंत आली. गावठाणाचं रूप असं संसाराच्या गरजेतून घडलं, हे लक्षात ठेवू या, कारण पुढचा सगळा वाद याच्याभोवती आहे.

आता नियमाकडे येऊ. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. असे नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. पुरातत्त्व खात्याचं लक्ष किल्ल्यांवर, लेण्यांवर, देवळांवर होतं. माणसं राहतात ती घरंही वारसा असू शकतात, आणि एकटी इमारत नव्हे तर अख्खा परिसर वारसा असू शकतो, हे या नियमावलीने मान्य केलं. तीन श्रेण्या ठरवल्या, सल्ल्यासाठी समिती नेमली. हे श्रेय द्यायलाच हवं. ती नसती तर आज बोलायला फारसं काही उरलंच नसतं.

पण मजकूर नीट वाचा. साध्या घरांच्या परिसराला बहुतेक वेळा लागू पडते ती तिसरी श्रेणी. तिच्या व्याख्येत एक फार मोलाची गोष्ट आहे: अशी जागा एखाद्या समाजाच्या किंवा प्रदेशाच्या जीवनपद्धतीची प्रतिनिधी असू शकते. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला माणसं दिसली होती! मात्र त्याच व्याख्येत पुढे ओळखीच्या खुणा येतात त्या रस्त्याची रेषा, दर्शनी भाग, उंची-रुंदी आणि प्रमाण यांच्या. जीवनपद्धती हा शब्द आला आणि तिथेच थांबला. ती राखायची कशी, याचं एकही हत्यार पुढे सापडत नाही. आमच्या मते या नियमावलीची मुख्य त्रुटी हीच. तिला वस्ती दिसते, पण समोरच्या फुटपाथवरून.

याचा परिणाम काय होतो? गावठाणातल्या मालकाला दोन वेगवेगळे नियम एकाच वेळी भेटतात. पहिला, सर्वसाधारण बांधकामाचा: घराभोवती मोकळी जागा सोडा, रस्ता इतका रुंद हवा, गाड्या लावायला जागा दाखवा. गावठाणांसाठी सवलती आहेत, पण त्या सवलती आहेत. मूळ कल्पना मोकळ्या भूखंडावरच्या स्वतंत्र इमारतीचीच. आठ हातांच्या गल्लीला चिकटून उभं असलेलं घर या कल्पनेत चूकच ठरतं. दुसरा नियम वारशाचा: आहे ते बदलू नका. म्हणजे एक नियम म्हणतो, तुझं घर मुळात चुकीचं आहे. दुसरा म्हणतो, हे चुकीचं घर तसंच ठेव. मधल्या मधे मालकाने करायचं काय? तो कौलं बदलत नाही, तुळई पोखरू देतो, आणि एक दिवस 'धोकादायक' ठरलेलं घर बिल्डरच्या हातात जातं. खोताच्या वाडीत एकेकाळी साठाहून अधिक जुनी घरं होती असं सांगतात. आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत.

कोणी म्हणेल, भरपाईची सोय आहे की. आहे. वारसा इमारतीच्या मालकाला न वापरता आलेला एफएसआय टीडीआर म्हणून दुसरीकडे विकता येतो. कल्पना हुशार आहे. पण ती एकाच मालकाच्या, स्वच्छ कागदपत्रांच्या इमारतीला शोभते. गावठाणातल्या मिळकतीच्या कार्डावर आजोबांचं नाव, खाली डझनभर वारस, त्यातले काही वसईला, काही कॅनडात. सगळ्यांच्या सह्या जमणार कधी? आणि टीडीआर एकदाच मिळतो, कौलं मात्र दर पावसाळ्यात गळतात. घराला गरज असते थोड्या पण नियमित पैशाची, आणि साधी दुरुस्ती करायला महिनोन्महिने खेटे न घालावे लागण्याची.

हा दोष आपल्याकडेच आहे असं मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने 'कन्झर्व्हेशन एरिया' सुरू झाले. आज ते सुमारे १०,००० आहेत, त्यांत कितीतरी छोटी खेडी. पण तिथल्या करपद्धतीत नवं घर बांधायला व्हॅट शून्य आणि जुन्या घराच्या दुरुस्तीला सर्वसाधारणपणे २० टक्के. नियोजन खातं म्हणतं जपा, तिजोरी म्हणते पाडा. नियमाचं परीक्षण करताना म्हणूनच एकच पान वाचून चालत नाही, शेजारचं पानही वाचावं लागतं.

उलट बाजूही पाहू. चेहरा पूर्ण जपला तर? पणजीतलं फोंतेन्यास पाहा. रंगीत भिंती, सज्जे, खिडक्या, सगळं जागच्या जागी. त्या रंगांसमोर फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीला रहिवासी कंटाळले आहेत, आणि काही घरांची हॉटेलं झाली आहेत. गोव्यातल्या खेड्यांत तर जुनं घर विकत घेऊन देखणं करणारा मालक वर्षातले चार आठवडे येतो. छप्पर वाचलं, पण संध्याकाळी बाल्कांवावर बसायला कोणी नाही. शिवाय तिथे २०२३ साली कायद्यात कलम १७(२) घालून 'चूक दुरुस्ती'च्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलायची वाट काढली गेली. त्याखालचे नियम मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. झोन हा अख्ख्या गावाशी केलेला करार असतो. तो एकेका भूखंडापुरता मोडता येत असेल, तर करार उरतोच कुठे?

मग नियमच नकोत का? तसं म्हणणं सोपं आहे, आणि ते बिल्डरला फार आवडेल. २०१२ साली मुंबईत वारशाची नवी यादी आली, तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागांतून जोरदार विरोध झाला. त्याची 'लोकांना वारशाची किंमत नाही' अशी संभावना झाली. आम्हाला तसं वाटत नाही. लोकांना भीती होती ती दुरुस्तीच्या खर्चाची आणि परवानगीच्या रांगेची. यादी वरून आली, सोबत मदतीचं एक पानही आलं नाही. असं झालं की वारसा हा शब्दच शिक्षेसारखा ऐकू येतो.

चांगला नियम कसा असेल? आमच्या मते तो दर्शनी भागापेक्षा भूखंडाचा आकार आधी जपेल. गावठाण मरतं ते चार छोटे भूखंड जोडून एक मोठा केल्यावर. खिडकीचा रंग बदलल्याने नव्हे. तिथे सक्ती कडक हवी. उलट घराच्या मागे एक खोली वाढवायची असेल तर मोकळीक हवी, कारण ती खोलीच गावठाणाचा इतिहास आहे. कौलं, लाकूड, गिलावा यांच्या दुरुस्तीला ठरावीक दिवसांत जवळच्या कार्यालयात परवानगी मिळावी, आणि घरपट्टीत सूट. आणि परिसराबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीत वास्तुविशारदांच्या बरोबरीने तिथे राहणारी माणसं असावीत.

यात एक अडचण आहे, ती लपवायला नको. खोली वाढवायची मोकळीक दिली की तिचाही गैरवापर होईल. एका खोलीचे तीन मजले होतील. म्हणून उंचीची मर्यादा लागेलच, आणि ती सर्वांना सारखी लागेल. पण मर्यादा घालताना आधी ठरवावं लागेल, आपण इमारत जपतोय की शेजार. इमारत जपायची तर संग्रहालय पुरेसं आहे. शेजार जपायचा असेल, तर तिथल्या माणसाला तिथेच राहणं परवडलं पाहिजे. ज्या नियमाला हे जमत नाही, त्याची भाषा कितीही सुंदर असली तरी तो नापास.

तुमच्या गावच्या विकास आराखड्यात गावठाणाबद्दल काय लिहिलंय, ते या आठवड्यात एकदा काढून वाचा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन पानांत आटोपलेलं असेल. त्यात माणसं कुठे येतात ते शोधा, आणि पुढच्या वेळी त्यावर बोलू.