एकोणीस मुले आणि चाळीस तास

स्वमग्न मुलांना घरच्या घरी द्यावयाच्या वर्तनोपचाराविषयी काही वाचायला घेतले की दोन आकडे हमखास भेटतात. आठवड्याला ४० तास उपचार, आणि त्यातून ४७ टक्के मुले 'सर्वसामान्य'. हे आकडे आले कोठून, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आमचा विषय मानसशास्त्र नव्हे. परंतु प्रयोगाची रचना आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न विज्ञानाच्या सर्व शाखांत सारखाच असतो. म्हणून मूळ निबंधच उघडून पाहू.

तो १९८७ सालचा आहे. लेखक ओले इव्हार लोव्हास हे जन्माने नॉर्वेचे, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. उपचार घरी का, याचे उत्तर त्यांच्याच १९७३ च्या निबंधात सापडते. उपचारानंतर जी मुले निवासी संस्थांत परत गेली, ती शिकलेले बरेचसे विसरली. ज्यांच्या आईवडिलांना तयार केले होते, त्यांची प्रगती टिकली. आपल्याच प्रयोगातील अपयश असे मांडून त्यावरून पद्धत बदलणे, याला आम्ही मनापासून दाद देतो.

पद्धत सांगायला सोपी आहे. कौशल्याचे बारीक तुकडे करायचे. मुलाला समोर बसवून एकच सूचना द्यायची, समजा 'नाक दाखव'. बरोबर केले तर लगेच खाऊचा तुकडा किंवा शाबासकी. नाही केले तर पुन्हा तेच. असे दिवसातून शेकडो वेळा. १९८७ च्या प्रयोगातील मुले प्रवेशाच्या वेळी चार वर्षांच्या आतली होती. मुख्य गटातील १९ मुलांना प्रशिक्षित विद्यार्थी आणि पालक मिळून आठवड्याला सरासरी ४० तास, दोन किंवा अधिक वर्षे शिकवत. तुलनेच्या गटातील १९ मुलांना १० तास किंवा त्याहून कमी उपचार मिळाला. आणखी २१ मुलांचा तिसरा गट या प्रकल्पाबाहेरचा होता.

चाळीस तास म्हणजे किती? आपल्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास अध्यापन सांगितले आहे. या उपचारात तीन वर्षांच्या मुलाचे तेवढे तास वीस आठवड्यांत भरतात.

निष्कर्ष असा: १९ पैकी ९ मुले सर्वसामान्य ठरली, उरलेल्या दोन्ही गटांतील ४० मुलांपैकी एकच. परंतु 'सर्वसामान्य' ठरवले कसे? बुद्ध्यांक सरासरी कक्षेत, आणि नेहमीच्या शाळेत पहिलीचा वर्ग यशस्वीपणे पूर्ण. येथे शिक्षक वाचकांनी थांबावे, कारण ही मोजपट्टी आपलीच आहे. पहिलीतून दुसरीत कोण जातो, हे मुलावर अवलंबून असते तितकेच शाळेच्या धोरणावर. आपल्याकडे तर पहिलीत कोणाला मागे ठेवताच येत नाही. त्या मुलाला मधल्या सुट्टीत कोणी खेळायला घेते का, पोटात दुखले तर ते सांगू शकते का, हे या पट्टीवर उमटत नाही. बुद्ध्यांकासाठीही सुरुवातीला आणि शेवटी सर्वांना एकच चाचणी दिलेली नव्हती.

गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. शिकवणारे पुरेसे उपलब्ध असतील तर मूल मुख्य गटात, नसतील तर तुलनेच्या गटात, असा नियम होता. आरंभी दोन्ही गट बरेचसे सारखे होते, असे निबंधात दाखवले आहे. तरी जे मोजलेच गेले नाही त्यातील फरक निवारण्याचा खात्रीचा उपाय चिठ्ठीच. शिवाय १९ मुलांत एक मूल इकडचे तिकडे झाले की टक्केवारी पाचाने हलते. ९/१९ या प्रमाणाची ९५ टक्के विश्वास-मर्यादा आम्ही काढून पाहिली, ती साधारण २४ ते ७१ टक्के येते. '४७ टक्के' या नेमक्या आकड्यामागे एवढी मोठी अनिश्चितता आहे.

सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. मुख्य गटातील मुलांना नको त्या वर्तनाबद्दल मोठ्याने 'नाही' म्हटले जाई आणि मांडीवर चापटही मारली जाई. निबंधात ते लपवलेले नाही. मात्र तुलनेच्या गटात चापटीचा असा वापर नव्हता. म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या, तास आणि शिक्षा. मग फरक कशाने पडला? बीजांकुरणाचा प्रयोग मांडताना पाणी आणि उजेड एकाच वेळी बदलू नये, हे आपण सहावीच्या मुलांना बजावतो. पुढे चापट सोडून दिली गेली, ते उत्तमच झाले. पण तिच्यासह आलेला आकडा मात्र तिच्यावाचून आजही फिरतो आहे. ज्या उपचाराची परीक्षा झाली, तो आणि ज्याची जाहिरात होते तो, हे दोन निराळे आहेत.

१९९३ च्या पाठपुराव्यात त्या ९ पैकी ८ जणांची प्रगती टिकलेली आढळली. हे नोंदवलेच पाहिजे. २००० साली ट्रिस्ट्राम स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. आठवड्याला सुमारे २५ तास उपचार मिळालेली मुले बुद्ध्यांक, भाषा व अभ्यासात पुढे गेली, परंतु दैनंदिन व्यवहाराच्या कौशल्यांत किंवा वर्तनाच्या अडचणींत फरक दिसला नाही, आणि १९८७ इतके ठळक यशही मिळाले नाही. २०२४ साली शेकडो नव्हे, हजारो मुलांवरील अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा तास वाढवले की लाभ वाढतो याला पुरावा आढळला नाही. तेव्हा उपचार निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. 'चाळीसच्या खाली गेलात तर मुलाचे नुकसान' या धाकाला आधार नाही, एवढेच आम्ही म्हणतो. तो धाक घेऊन आई नोकरी सोडते आणि घराचा वर्ग होतो.

कॅनडातील मिशेल डॉसन या स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधक. त्यांनी २००४ साली आणखी एक आक्षेप घेतला: या उपचाराच्या नीतीची चर्चा करताना स्वमग्न माणसांना कोणी विचारलेलेच नाही. हात फडफडवणे थांबले की प्रगती, ही नोंद नेमकी कोणाच्या सोयीची? आम्हाला हा प्रश्न मोजमापाचाही वाटतो, कारण काय मोजायचे हे आधी कोणीतरी ठरवतेच.

वेगळे मोजणारा एक प्रयोग आपल्या शेजारीच झाला, गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले; विभागणी चिठ्ठीने. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा बैठका घेत. हा वर्तनोपचार नव्हे. आई आणि मूल खेळतानाचे चित्रीकरण दोघांनी बसून पाहायचे आणि मुलाने केलेला इशारा कोठे निसटला ते शोधायचे. येथे शिकायचे ते मोठ्यांनी. मुलाच्या कलाने दिलेले प्रतिसाद वाढले, आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ अपेक्षेविरुद्ध घटला. ही घटही त्यांनी निबंधाच्या सारांशातच, वाढीच्या शेजारी छापली आहे.