सर्व्हरच्या मूलभूत सेटिंगमधील भाषादृष्टी : ‘घोडबंदर’ या नावाच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

घोडबंदर हे मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील, वसईच्या खाडीकाठचे गाव. घोड्यांच्या व्यापारावरून ते नाव पडले असे सांगितले जाते. पोर्तुगीजांचा येथील किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकून घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. या राजवटींबरोबर गावाचे नाव पोर्तुगीज लेखणीतून, मराठी दप्तरातील मोडीतून आणि इंग्रजी कागदपत्रांतून फिरत आले. रोमन लिपीत ‘बंदर’ या उत्तरपदाची दोन स्पेलिंगे आजही शेजारी शेजारी वावरतात. प्रत्येक राजवटीच्या कारकुनाने हे नाव आपल्या लिपीच्या सोयीने लिहून घेतले, असा त्याचा अर्थ होय.

आज हे नाव नोंदवून घेणारा आणखी एक कारकून आहे, तो म्हणजे वेब सर्व्हर. संकेतस्थळावरील मजकूर वाचकाच्या ब्राउझरकडे पोचवणारी ही प्रणाली कोणत्या नियमांनी चालावी, हे तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेले असते. ही फाइल तंत्रज्ञाच्या अखत्यारीतील आणि भाषेच्या दृष्टीने तटस्थ मानण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. सर्व्हरच्या मूलभूत सेटिंगमध्ये भाषाविषयक निर्णय दडलेले असतात. ते लेखकाला व वाचकाला दिसत नाहीत, तरीही मराठी मजकुराची वाचनीयता त्यांवर अवलंबून असते. म्हणून त्यांची जबाबदारी संपादनाच्या जबाबदारीपासून वेगळी काढता येत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संहिता म्हणून नमुना फाइल

‘अपाची’ हा सर्व्हर १९९५ साली अवतरला आणि पुढे अनेक वर्षे जगात सर्वाधिक वापरला गेला. त्याच्याबरोबर एक नमुना कॉन्फिगरेशन फाइल येते. संकेतस्थळाच्या फाइली कोठे ठेवल्या आहेत, मुखपृष्ठ कोणते, कोणत्या प्रत्ययाची फाइल कोणत्या प्रकारची मानावी, आज्ञा बदलण्याची मुभा कोणाला, अशा गोष्टी तीत एकेका ओळीत सांगितलेल्या असतात. बहुसंख्य ठिकाणी ही फाइल जशीच्या तशी स्वीकारली जाते आणि एखाददुसरी ओळ तेवढी बदलली जाते. त्यामुळे नमुन्यादाखल दिलेली वस्तू व्यवहारात नियम होऊन बसते.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रणालीच्या अंगभूत स्वभावात एखादी गोष्ट ‘बंद’ असू शकते आणि नमुना फाइलमध्ये तीच ‘चालू’ करून दिलेली असू शकते. पहिली प्रणालीची प्रकृती. दुसरी कोणा व्यक्तीने विशिष्ट परिस्थितीत घेतलेला निर्णय. चिकित्सेचा विषय ही दुसरी बाब आहे.

एका ओळीचा अधिकार

या भेदाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट’ ही आज्ञा. ज्या पानासोबत वर्णसंकेतनाची घोषणा नाही, त्याला सर्व्हरने स्वतःहून कोणते वर्णसंकेतन चिकटवावे, हे ती ठरवते. आज्ञेचे अंगभूत मूल्य ‘बंद’ हेच आहे. तथापि २००२ मध्ये स्थिर झालेल्या २.० आवृत्तीच्या नमुना फाइलमध्ये तेथे आयएसओ-८८५९-१ हे पश्चिम युरोपीय भाषांचे संकेतन लिहिलेले होते. त्यामागे हेतू चांगला होता. वर्णसंकेतन जाहीर न केलेल्या पानांतून घातक आज्ञा घुसवता येतात, ही बाब २००० साली सुरक्षातज्ज्ञांनी उघड केली होती आणि तिला आळा घालण्यासाठी ही सोय आली. शिवाय एचटीटीपीच्या १९९९ च्या नियमावलीतही, घोषणा नसल्यास हेच संकेतन गृहीत धरावे असे म्हटले होते. हे गृहीतक २०१४ च्या सुधारित नियमावलीत काढून टाकण्यात आले.

मराठीवर याचा परिणाम काय झाला, हे समजण्यासाठी अग्रक्रमाचा नियम पाहावा लागतो. एचटीएमएलच्या १९९९ च्या मानकानुसार सर्व्हरच्या शीर्षकातील घोषणा पानातील घोषणेवर मात करते. म्हणजे पान तयार करणाऱ्याने आपल्या पानात ‘यूटीएफ-८’ असे काळजीपूर्वक लिहिले असले, तरी सर्व्हरने दिलेला वेगळा शब्द अंतिम ठरतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइटांचे असते. ‘घोडबंदर’ या शब्दात घ, ओकाराची मात्रा, ड, ब, अनुस्वार, द आणि र अशी सात चिन्हे येतात. त्यांचे एकवीस बाइट होतात. हेच बाइट पश्चिम युरोपीय संकेतनाने वाचले, की प्रत्येक चिन्हाच्या आरंभी आघातचिन्ह असलेला रोमन ‘ए’ उमटतो. त्यामागे बहुतेक ठिकाणी चलनाचे सर्वसाधारण चिन्ह येते आणि ओकाराच्या मात्रेच्या जागी जपानी येनचे चिन्ह येते. गावाचे नाव नाहीसे होऊन विनिमयाच्या खुणांची रांग शिल्लक राहते. लेखकाची चूक नसते, वाचकाच्या संगणकातही दोष नसतो. तरीही वाचन घडत नाही.

ही ओळ अपाचीच्या निर्मात्यांनी पुढे नमुना फाइलमधून वगळली, कारण साऱ्या स्थळाला एकच वर्णसंकेतन लावल्याने लाभापेक्षा हानी अधिक होते असा निष्कर्ष त्यांनीच काढला. परंतु वगळणे हे नव्या आवृत्तीपुरते असते. एकदा मांडलेली फाइल वर्षानुवर्षे न बदलता एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली जाते आणि टाकून दिलेला निर्णय तिच्यातून चालत राहतो.

भाषांच्या यादीतील मौन

एकच पान अनेक भाषांत उपलब्ध असेल, तर वाचकाच्या ब्राउझरने कळवलेल्या पसंतीनुसार योग्य प्रत देण्याची सोय अपाचीत आहे. त्यासाठी नमुना फाइलमध्ये भाषा व त्यांचे प्रत्यय यांची यादी दिलेली असते. तीत कॅटलान, एस्टोनियन, लक्झेम्बर्गी आणि एस्पेरांतोही आहे. मराठी, हिंदी किंवा अन्य कोणतीही भारतीय भाषा मात्र तीत नाही. काही लाख भाषकांची लक्झेम्बर्गी यादीत असावी आणि २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठी नसावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. यादीसोबतच्या अग्रक्रमात इंग्रजी पहिली आहे. पसंतीची भाषा सापडली नाही, तर वाचकाला बहुधा इंग्रजी प्रत मिळते.

यातून कोणाचा आकस सिद्ध होत नाही. अशा याद्या स्वेच्छेने काम करणाऱ्यांच्या हातून वाढतात. २००४ साली रशियन प्रोग्रामर इगोर सिसोयेव्ह यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘एन्जिनएक्स’ या सर्व्हरकडे पाहिले, की हे अधिक स्पष्ट होते. त्याच्या कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये रशियन भाषेच्या जुन्या वर्णसंकेतनांचे तक्ते तयार ठेवलेले आहेत. निर्मात्याला आपल्या वाचकांची अडचण ठाऊक होती, म्हणून तिचे उत्तर प्रणालीच्या पोटातच आले. मराठीपुढेही संकेतनांचा असाच प्रश्न होता, पण तसा तक्ता तेथे नाही. सेटिंगची फाइल कोणाच्या हातून लिहिली गेली, हे तिच्यातील भाषांवरून ओळखू येते. यादीत मराठीची भर घालायला एक ओळ पुरते; ती न घातली जाणे ही अनुपस्थितीची खूण आहे आणि तिची जबाबदारी मराठी शिक्षितवर्गालाही टाळता येणार नाही.

भाषेची घोषणा ही केवळ अस्मितेची बाब नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमालेतील ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निश्चित केली. काही फाँटांत ही वळणे हिंदी वळणांसोबत साठवलेली असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असे कळल्यावरच ती निवडली जातात. पानात भाषा लिहिलेली नसेल, तर सर्व्हरने कळवलेली भाषा ग्राह्य धरण्याची तरतूद एचटीएमएलच्या मानकात आहे. शासननिर्णयाची अंमलबजावणी अशा रीतीने सर्व्हरच्या एका ओळीपर्यंत येऊन पोचते.

बाइटांची मोजपट्टी

पत्त्याच्या बाबतीतही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. पानाला ‘घोडबंदर’ असे देवनागरी नाव दिले, तर प्रत्यक्ष देवाणघेवाणीत त्यातील प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. सात चिन्हांचे नाव त्रेसष्ट चिन्हांचे होते. रोमन लिपीत तेच दहा अक्षरांत मावते. ब्राउझरच्या पट्टीवर नाव शुद्ध दिसते. परंतु सर्व्हरच्या नोंदवहीत ते त्रेसष्ट चिन्हांच्या रूपानेच उतरते आणि पत्रात चिकटवलेला दुवाही पुष्कळदा तसाच उमटतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून देवनागरी शीर्षकांनी चालत आला आहे आणि ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ साली मराठीसह अनेक भाषांसाठी खुले झाले. म्हणजे मार्ग उपलब्ध आहे. त्यावरून चालण्याची किंमत मात्र देवनागरीला अधिक मोजावी लागते.

मुखपृष्ठ न सापडल्यास अपाची संबंधित फोल्डरमधील फाइलींची यादी दाखवू शकतो. या यादीतील नावांच्या रकान्याची रुंदी तो बाइटांत मोजतो आणि ती न सांगितल्यास विसाच्या आसपास ठेवतो. ‘घोडबंदर’ हे नाव प्रत्ययासह सव्वीस बाइटांचे होत असल्याने ते छाटले जाते आणि छेद एखाद्या अक्षराच्या मधूनही जाऊ शकतो. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून ही मोजपट्टी तयार करणाऱ्यास निरुपद्रवी वाटली असावी. रुंदी आवश्यकतेनुसार वाढू देण्याची आज्ञा अपाचीत आहे. पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

उपायातील धोका

वरील विवेचनावरून, सर्व्हरला सरसकट ‘यूटीएफ-८’ जाहीर करायला लावावे म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. हा उपाय नव्या मजकुराला तारतो. जुन्या मजकुराला मात्र तो मारक ठरू शकतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फाँटांच्या आधारे लिहिला जात असे. त्यात रोमन चिन्हांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवलेले असत. भारतीय मानक ब्यूरोचे इस्की हे मानक १९९१ साली अस्तित्वात आले होते आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली होती. पण व्यवहारात फाँटांचे राज्य बराच काळ टिकले. अशा पानांवर सर्व्हरने यूटीएफ-८ चा शिक्का मारला, की त्यातील अनेक बाइट अवैध ठरतात आणि जुना फाँट हाताशी असलेल्या वाचकालाही ते वाचता येत नाहीत.

मोडीशी तुलना येथे उद्बोधक ठरेल. मोडीतील कागद आज थोड्यांनाच वाचता येतात, परंतु कागद शाबूत आहेत आणि लिपी शिकून घेता येते. सर्व्हरवरील जुन्या मजकुराचे बाइटही शाबूतच असतात. फरक असा, की वाचक आणि कागद यांच्यामध्ये एक मध्यस्थ उभा असतो आणि तो लिपीचे चुकीचे नाव सांगतो. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आरंभीच्या वर्षांतील नियतकालिके, स्मरणिका, स्थानिक इतिहासाचे निबंध पडून असतील, तर त्यांच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्ष आहे. म्हणून एकच घोषणा साऱ्या स्थळाला लावण्यापेक्षा दालनागणिक निर्णय घेणे इष्ट होय. जुन्या पानांचे दालन वेगळे करून त्याला मूळ संकेतन द्यावे, त्यांचे युनिकोड रूपांतर शेजारी ठेवावे आणि मूळ प्रत पुसू नये.

अधिकार कोणाचा

असा निर्णय घेण्याची सोय अपाचीत ‘डॉट-एचटीॲक्सेस’ या फाइलद्वारे आहे; ती ज्या फोल्डरमध्ये ठेवली त्यापुरती आज्ञा बदलता येते. मात्र ही मुभा मुख्य फाइलमधील ‘अलाउ-ओव्हरराइड’ या ओळीवर अवलंबून असते. पूर्वी तिचे अंगभूत मूल्य ‘सर्व’ होते. २०१२ साली आलेल्या २.४ मालिकेत ते ‘काही नाही’ असे झाले. सुरक्षितता व वेग या दृष्टींनी हा बदल समर्थनीय आहे. परंतु त्यामुळे भाड्याच्या सर्व्हरवर स्थळ चालवणाऱ्या संस्थेचा आपल्या मजकुरावरील अधिकार सेवा पुरवणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. संस्था मजकुराची मालक असते, पण तो कोणत्या लिपीतील आहे हे सांगण्याचा हक्क तिला मागून घ्यावा लागतो. सेवा घेण्याच्या करारात या मुभेचा उल्लेख असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

निष्कर्ष

सर्व्हरच्या मूलभूत सेटिंगकडे भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्या तटस्थतेचा दावा टिकत नाही, असे वरील विवेचनावरून दिसून येते. तिच्यात पश्चिम युरोपीय लिपीची मोजपट्टी आहे, योगदान देणाऱ्यांच्या भाषांची यादी आहे आणि सुरक्षिततेसाठी केलेल्या तडजोडींचा इतिहासही आहे. यांपैकी बहुतेक गोष्टी एकेका ओळीने सुधारता येतात आणि निर्मात्यांनी ती वाट खुली ठेवली आहे, हेही नमूद केले पाहिजे.

उणीव आहे ती श्रमविभागणीत. ऱ्हस्वदीर्घाची चूक मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटू नये म्हणून मराठीचे प्राध्यापक दक्ष असतात, आणि सारे पान अवाच्य करू शकणारी ओळ मात्र कोणीही तपासत नाही. ती ओळ तपासणे हे मुद्रितशोधनाचेच काम मानले गेले पाहिजे. घोडबंदरच्या किल्ल्यावर एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध वीस वर्षांनी उघडला असता त्यात गावाचे नाव घोडबंदर असेच वाचता यावे, एवढी साधी कसोटी त्यासाठी पुरेशी आहे.