शिस्त नेमकी कुणाची?

‘श्यामची आई’ हा १९५३ सालचा चित्रपट. त्यातलं छडीचं गाणं आपण गॅदरिंगमध्ये अजून हौसेनं बसवतो. गाण्यात ती गंमत आहे. वर्गात मात्र आपण ती पद्धतच मानली.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. कलम १६ मुळे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मग धाकाच्या जागी काय आलं? भिंतीवरची यादी: उशिरा येऊ नये, बोलू नये, गैरहजर राहू नये.

प्रतापगडच्या, अर्जुनी मोरगावच्या या जंगलपट्ट्यात ही यादी वाचून पाहा. मोहफुलं पहाटेच वेचावी लागतात. रोवणीत आईबाप बांधीत असतात, धाकट्याला थोरली बहीण सांभाळते. तिला आपण बेशिस्त म्हणायचं? तिनं शाळा बुडवावी असं आम्ही म्हणत नाही; पण रागावण्याआधी कारण तर विचारा.

आणि त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं, की शिक्षकानं नियमित, वेळेवर यावं. पालकांना भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी. हे भिंतीवर का नाही लिहिलं?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना सहीपुरतं बोलावू नका. रोवणीआधीच्या सभेत नियम मांडा, मुलांनाही विचारा, आणि गुरुजींचे नियम त्याच कागदावर लिहा.