एका सायकलपटूची जबानी

नाहूरला आम्ही राहतों तेथून पूर्व द्रुतगती महामार्ग फारसा दूर नाहीं. रविवारीं पहांटे फिरावयास बाहेर पडावें, तों ठाण्याच्या बाजूस सायकली पिटाळीत निघालेला तरुणांचा एखादा थवा हटकून दृष्टीस पडतो. माना खालीं, पाठी वांकलेल्या, बोलणें बंद. त्यांपैकीं एक आमच्या शेजारचाच. "अरे, शर्यती सुटल्या म्हणजे तुम्ही लोक पुढें करतां काय?" असें आम्हीं त्यास एकदां थट्टेनें विचारलें. त्यानें तेव्हां नुसतें हंसून घेतलें; पण आठवड्याभरानें एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आमच्या हातीं आणून दिलें आणि म्हणाला, "काका, तुमच्या प्रश्नाचें उत्तर यांत असावें." पुस्तक वाचून झालें. उत्तर त्यांत नाहीं. आणि तें कां नाहीं, हाच या लेखाचा विषय आहे.

पुस्तकाचें नांव 'दि फास्टेस्ट बायसिकल रायडर इन दि वर्ल्ड'. कर्ता मार्शल टेलर. लोक त्यास मेजर टेलर म्हणत. पण हें मेजरपद सैन्यांतलें नव्हे. इंडियानापोलिस येथील एका सायकलीच्या दुकानापुढें हा पोर सैनिकी पोशाख घालून सायकलीवरच्या कसरती करून दाखवीत असे, त्यावरून पडलेलें तें टोपणनांव. जन्म १८७८ चा. बाप एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे गाडीवान. १८९९ सालीं कॅनडांतील माँट्रिऑल येथें एक मैलाच्या शर्यतींत हा कृष्णवर्णीय तरुण जगज्जेता ठरला. मोटारीचें युग अद्याप यावयाचें होतें. अमेरिकेंत सायकलीच्या शर्यतींस माणसांचे लोट लोटत आणि धंदेवाईक स्वारांचीं नांवें आपल्याकडील नामांकित मल्लांप्रमाणें घरोघर ठाऊक असत. टेलरनें १९१० सालीं शर्यती सोडल्या, आणि १९२८ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हें चारशेंहून अधिक पानांचें आत्मचरित्र स्वतःच्याच हिंमतीवर छापून काढलें.

पहिल्या शर्यतीची हकीकत हा या पुस्तकांतला सर्वांत रसाळ भाग होय. दुकानाच्या मालकानें गंमत म्हणून या पोरास दहा मैलांच्या शर्यतीच्या रेघेवर नेऊन उभें केलें. पोर रडूं लागलें. मालकानें हळूच सांगितलें, कीं थोडेंसें पुढें जा, लोकांना मौज वाटेल. दमलास म्हणजे परत फीर. पोर परत फिरलें नाहीं. तें पहिलें आलें. मालकाची माया आणि मालकानें केलेली थट्टा हीं दोन्ही येथें एकाच दमांत आलेलीं आहेत, आणि लेखकानें त्यांवर एका शब्दाचेंही भाष्य केलेलें नाहीं. असें लिहिणें ज्यास साधतें, त्यास लेखनाचें अंग नाहीं असें कोण म्हणेल?

पुढें मात्र वाचकाची कसोटी लागते. पुस्तकाचा फार मोठा भाग वर्तमानपत्रांच्या कात्रणांनीं भरला आहे. अमुक गांवची शर्यत, तमुक पत्राचा वृत्तांत, वेळ इतके मिनिटें, इतके सेकंद. तीच शर्यत दुसऱ्या पत्राच्या शब्दांत पुन्हां. ऑस्ट्रेलियाच्या सफरींचे वृत्तांत तर आम्हीं प्रामाणिकपणें कबूल करतों, कीं पानें उलटून पार केले. साहित्याच्या नेहमींच्या मापानें मोजल्यास हा ग्रंथ विस्कळित, पुनरुक्तीनें भरलेला आणि अंतर्मुखतेचा अभाव असलेला ठरेल. तसा तो ठरविलाही जातो. आमच्या मतें हा निकाल घाईचा आहे.

शर्यतीच्या तंत्रासंबंधीं टेलर जें सांगतो त्याकडे लक्ष दिल्यास या रचनेचा उलगडा होऊं लागतो. सायकलीच्या शर्यतींत पुढें असणारा स्वार वारा कापतो व मागच्यास त्याचा आडोसा मिळतो. म्हणून शहाणा स्वार शेवटच्या वळणापर्यंत कोणाच्या तरी मागें राहून शक्ति राखून ठेवतो. टेलरला हें शहाणपण परवडत नसे. कारण गोरे स्वार आपापसांत संगनमत करून त्यास पुढून, बाजूनें आणि मागून असा कोंडीत धरीत, कीं वाट मोकळी होईपर्यंत शर्यत संपलेली असावी. बक्षिसाची वांटणी मागाहून होत असे. तेव्हां एक तर आरंभापासूनच पुढें राहून सारा वारा अंगावर घ्यावा, नाहीं तर दोन चाकांमधील वीतभर फटींतून अवचित मुसंडी मारावी, एवढेच मार्ग त्यास उरत. हीं पानें त्यानें स्वतः लिहिलेलीं आहेत, कात्रणें जोडलेलीं नाहींत. आणि तीं अव्वल दर्जाचीं आहेत.

कोंडी केवळ धांवपट्टीवर नव्हती. अमेरिकन सायकलस्वारांच्या प्रमुख संघानें १८९४ मध्यें कृष्णवर्णीयांस सभासदत्व बंद केलें. १८९७ मध्यें टॉन्टन येथें शर्यत संपतांच बेकर नांवाच्या स्पर्धकानें टेलरला खालीं ओढून तो बेशुद्ध पडेपर्यंत त्याचा गळा दाबला. शिक्षा झाली ती पन्नास डॉलर दंडाची. अशा माणसानें 'मला असें असें केलें' म्हणून सांगितलें, तर त्या देशांत त्या काळीं त्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून तो स्वतः बोलत नाहीं. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांस बोलावयास लावतो. न्यायालयांत साक्षीदार एकामागून एक उभे करावेत, तशीं हीं कात्रणें आहेत. ज्यास आपण आत्मचरित्र समजून वाचीत होतों ती वस्तुतः पुराव्यानिशीं दिलेली जबानी आहे, हें ध्यानांत आल्यावर पुनरुक्तीचा कंटाळा पुष्कळसा कमी होतो. सर्वस्वीं जात नाहीं, हेंही खरें.

मराठी वाचकास येथें बाळू पालवणकर आठवल्यावांचून राहणार नाहींत. टेलर अमेरिकेंत कोंडी फोडीत होता, त्याच सुमारास हा चर्मकार जातींतला डावखुरा गोलंदाज पुण्यांत हिंदु संघासाठीं बळी घेत होता. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चाले, पण चहा त्यास मंडपाबाहेर वेगळ्या पात्रांत मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरावर बळी घेतले. हिंदु संघाचें नायकपद मात्र त्यास कधीं मिळालें नाहीं. तें त्याचा भाऊ विठ्ठल यास १९२३ मध्यें मिळालें, आणि याच विठ्ठलानें १९४८ मध्यें 'माझे क्रीडा-जीवन' हें आत्मचरित्र मराठींत प्रसिद्ध केलें. रामचंद्र गुहा यांनीं २००२ मध्यें भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला, तेव्हां त्यांस या पुस्तकाचा आधार घ्यावा लागला. तोंवर किती मराठी घरांत त्याचें नांव ठाऊक होतें? खेळाडूच्या पुस्तकांत आपण मुलांसाठीं स्फूर्ति तेवढी शोधतों. त्यांत साक्ष असूं शकते हें आपल्या गांवींही नसतें.

आतां शेजाऱ्याच्या त्या उत्तराकडे वळूं. शर्यत सोडल्यापासून पुस्तक छापीपर्यंत अठरा वर्षें लोटलीं. यांत टेलरचे व्यवसाय बुडाले, कमाई संपली, घर गेलें. पुस्तकांत यांतलें जवळजवळ कांहीं नाहीं. धर्मश्रद्धेपायीं त्यानें रविवारच्या शर्यतींस नकार दिला व त्यासाठीं पैशावर पाणी सोडलें, हें तो अभिमानानें सांगतो. पुढें पैसा कसा गेला, तें सांगत नाहीं. प्रस्तावनेंत आपल्या मनांत कोणाविषयीं कडवटपणा नाहीं असें तो म्हणतो, आणि बहुतेक समीक्षक या वाक्यावरून त्याची थोरवी गातात. आम्हांस तें वाक्य पुरतें पटत नाहीं. चारशें पानें नांवानिशीं व तारखेनिशीं अन्याय नोंदविणाऱ्यानें क्षमा केली असेल. हिशेब मात्र मिटविलेला नाहीं. आणि ज्याचा हिशेब उघडा आहे, तो प्रतिपक्षास आपल्या पडझडीची कथा सांगून खूष कशाला करील?

याच्या उलट उदाहरण फ्रेंच स्वार लोराँ फिन्यों याचें. १९८३ व १९८४ अशीं दोन वर्षें त्यानें टूर द फ्रान्स जिंकली. पण लोकांच्या स्मरणांत राहिली ती १९८९ ची हार. शेवटच्या दिवशीं व्हर्सायहून पॅरिसला निघतांना त्याच्यापाशीं पन्नास सेकंदांची आघाडी होती; साडेचोवीस किलोमीटरांत ती जाऊन तो आठ सेकंदांनीं हरला. २००९ मध्यें निघालेल्या आत्मकथनांत तो या आठ सेकंदांविषयीं, स्वतः घेतलेल्या उत्तेजक द्रव्यांविषयीं आणि निवृत्तीनंतरच्या आयुष्याविषयीं मोकळेपणीं बोलतो. पुस्तक वाचनीय आहे, टेलरच्या पुस्तकाहून पुष्कळच अधिक. पुढल्याच वर्षीं कर्करोगानें त्याचें निधन झालें. परंतु फिन्योंनें 'मी चुकलों' म्हटलें तर एक फिन्यों चुकला, इतकाच त्याचा अर्थ होत असे. टेलर तसें म्हणता, तर त्याच्या साऱ्या वंशास तें भोंवलें असतें. मोकळेपणा हा लेखनाचा गुण खरा. पण तो सर्वांस सारख्या किंमतीस मिळत नाहीं.

टेलर शिकागोस गेला व आपलें पुस्तक दारोदार हिंडून स्वतः विकूं लागला. १९३२ च्या जूनमध्यें तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या धर्मार्थ खाटेवर तो वारला व बेवारशाप्रमाणें पुरला गेला. १९४८ सालीं, विठ्ठल पालवणकरांचें पुस्तक इकडे निघालें त्याच वर्षीं, जुन्या धंदेवाईक स्वारांनीं सायकल-कारखानदार फ्रँक श्विन याच्या द्रव्यसाहाय्यानें त्याचे अवशेष काढून सन्मानानें पुन्हां पुरले व वर दगड बसविला.

या ग्रंथाचें मराठी भाषांतर कोणी हातीं घेतल्यास संक्षेप अवश्य करावा. ऑस्ट्रेलियाचे वृत्तांत निम्मे गाळले तरी चालेल. पहिली शर्यत, कोंडीचीं पानें आणि १९०१ मध्यें पॅरिसला एडमंड जाक्लँ याजबरोबर झालेल्या दोन झुंजी, पहिली हरलेली व दुसरी जिंकलेली, यांस हात लावूं नये. कात्रणें साफ उडवून ओघवती कथा रचण्याचा मोह होईल, तो टाळावा. प्रत्येक वर्षाचीं दोनचार तरी पत्राच्या नांवासह राहूं द्यावींत. अखेरच्या अठरा वर्षांची माहिती द्यावयाचीच तर ती वेगळ्या टिपणांत द्यावी, टेलरच्या तोंडीं घालूं नये. आमच्या शेजाऱ्यास पुस्तक परत करतांना आम्हीं हेंच बोललों. त्यानें कोंडीच्या प्रकरणांत पेन्सिलीनें खुणा केल्या होत्या, त्या मात्र आम्हीं तशाच राहूं दिल्या आहेत.