शांततेला स्वतंत्र ओळ द्या

माझी पहिली श्रुतिका ध्वनिमुद्रणाला गेली, तेव्हा मी ती कथेसारखी लिहून दिली होती. सलग परिच्छेद, संवादाच्या मधेच कंसातल्या सूचना. पहिल्याच वाचनात मुख्य नटाने 'दूरवर रेल्वेची शिट्टी' हे शब्द भाव ओतून वाचले. सगळे हसले, मीही हसलो. पुढे मुलगा वडिलांना 'मी आता परत येणार नाही' असं सांगतो, तिथे मला लांब शांतता हवी होती. नेमकं तिथेच पान संपत होतं. शांततेच्या जागी कागदाची फडफड मुद्रित झाली. त्यावर कोणी हसलं नाही.

तोवर मला मांडणी म्हणजे टायपिस्टचं काम वाटायचं. नंतर कळलं, की त्या साध्या नियमांमागे कान आहे. पात्राचं नाव डावीकडे आणि संवाद थोडा आत, म्हणजे नटाला आपली ओळ चटकन सापडते. प्रत्येक संवादाला आणि ध्वनीला क्रमांक, म्हणजे 'चौदापासून घेऊ' एवढं पुरतं. कागदाच्या एकाच बाजूला छपाई, आणि संवाद दोन पानांत तुटू द्यायचा नाही.

इंग्रजीत ध्वनीच्या सूचना कॅपिटल अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे, त्यामुळे त्या संवादापासून वेगळ्या दिसतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत. इंग्रजी नमुना डाउनलोड करून त्यात मराठी भरलं, की हा फरकच पुसला जातो, आणि मग नट शिट्टी वाचून दाखवतो. आपल्याला स्वतंत्र ओळ, अधोरेखा किंवा ठळक टाइप वापरावा लागतो.

पण मांडणीत सोयीपेक्षा मोठं काही असतं, हे मला सॅम्युएल बेकेटच्या 'ऑल दॅट फॉल'ने शिकवलं. बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर १३ जानेवारी १९५७ रोजी ही श्रुतिका प्रसारित झाली. म्हातारी मॅडी रूनी पाय ओढत स्टेशनकडे निघते, आंधळ्या नवऱ्याला आणायला. सुरुवातीलाच संहिता मेंढी, पक्षी, गाय आणि कोंबडा यांचे आवाज मागते: आधी एकेक, मग एकत्र. काय ऐकू यावं आणि कोणत्या क्रमाने, हे ठरलेलं. कसं, ते निर्मात्याकडे. डोनाल्ड मॅकव्हिनीने हे आवाज माणसांकडून काढून घेतले. बेकेटला ते फारसं पटलं नाही, पण दोघांचं काम कुठे वेगळं होतं, ते पानावर स्पष्ट दिसतं.

स्टेशनवर इतर लोक आपापसांत बोलू लागतात, तेव्हा मॅडी त्यांना बजावते, की मी गप्प आहे म्हणजे इथे नाही असं समजू नका. रेडिओवर हे अक्षरशः खरं आहे. बोलत नाही तो नाहीसा होतो. रंगमंचावर कोपऱ्यात उभं राहता येतं. इथे खोकावं लागतं, बांगडी वाजवावी लागते. संवादांच्या डावीकडचा नावांचा स्तंभ वरून खाली वाचा. एखादं नाव दीड पान आलंच नसेल, तर ते पात्र श्रोत्यासाठी निघून गेलेलं आहे.

माझी तक्रार आहे ती पुस्तकातल्या मांडणीबद्दल. शेवटी जेरी नावाचा पोरगा गाडीला उशीर का झाला ते सांगतो: एक लहान मूल डब्यातून रुळांवर पडलं होतं. त्यानंतर एकही शब्द नाही. वादळ, ओढत जाणारी पावलं, पावलं थांबणं, पुन्हा वादळ. छापील पानावर हे दोन-तीन ओळींत आटोपतं. ऐकताना ते संपता संपत नाही, कारण नवऱ्याला काय ठाऊक आहे हा प्रश्न त्या पावलांबरोबर चालत असतो. डोळ्याने वाचणारा तिथून भर्रकन पुढे जातो.

आज तुमच्यापैकी कितीतरी जण मोबाइलवर श्रुतिका लिहिता, मोबाइलवरच मुद्रित करता. कागदाची फडफड गेली, पण सलग परिच्छेद राहिला आहे. 'ती रागाने बघते' असं अजूनही लिहिलं जातं. बघण्याचा आवाज कसा येणार?

ती श्रुतिका मी नंतर पुन्हा मांडली. मुलाच्या वाक्याखाली आता एक क्रमांक आहे आणि त्यापुढे एकच शब्द: शांतता. तिच्याखाली अर्धं पान कोरं सोडलंय. मांडताना लक्षात आलं, की वडिलांचं त्यानंतरचं भाषण नकोच होतं.